एकेचाळीस डॉलर

दर फेब्रुवारीत, ओहायोच्या या काउंटी कचेरीत
व्हर्ना हाल्डेमन घरपट्टी भरायला स्वतः येते.
चेकवर सही करण्याआधी विचारते,
"यातले लायब्ररीचे किती?"
एकेचाळीस डॉलर, मी सांगतो, आणि काही सेंट.
ती मान हलवते, हिशेब पटल्यासारखी.

घराचं मूल्यांकन यंदा वाढलं,
छप्पर तेच, गळकं.
डोळ्यांत मधोमध काळा डाग,
अक्षरं कडेकडेनं निसटतात.
तरी पावतीची घडी हातमोज्यात खोचून
बर्फातून ती रस्ता ओलांडते
आणि तिथल्या हीटरशेजारच्या खुर्चीत बसते.
"हिचा एक पाय माझा," म्हणते,
"उरलेले तीन गावाचे."

नोव्हेंबरात लायब्ररीचा वाढीव कर
एकोणीस मतांनी पडला.
माझ्या बिलात वर्षाला नऊ डॉलर वाढले असते.
मी विरोधात होतो.
तिला सांगितलं नाही.

आता गुरुवारी लायब्ररी बंद.

आज गुरुवार. चार वाजलेत. काउंटरवरून दिसतंय:
व्हर्ना पायरीवर बसलीय,
शेजारी दप्तर पाठीवर तसंच ठेवून एक पोरगा
बोट फिरवत, अडखळत
दारावरची नोटीस वाचून दाखवतोय.
संपली, तो म्हणतो बहुतेक.
ती हातानं खूण करते,
पुन्हा, पहिल्यापासून.