पाच अँपिअर

माझं नाव गायब.
माझ्याआधीची तीन पोरं गेली,
म्हणून मरणानं हजेरी घेतली
तर यादीत मी दिसू नये, या बेतानं ठेवलेलं.
मरण फसलं. गल्ली फसली नाही.
बत्ती गेली की बसऱ्याच्या या टोकाला
घराघरांतून एकच हाक: गायब!
आणि मी काजळी माखल्या हातांनी म्हणतो,
आलो, आलो.

या गावात कधीकाळी मोती तोलून विकायचे.
मी बावीस वर्षं वीज मोजून विकतो.
दोन अँपिअरांत पंखा नि दिवा,
पाचांत फ्रिजही.
दहा घेणाऱ्याकडे एसी असतो,
आणि त्याच्या पोरींना स्थळं लवकर येतात.

जुलैत पारा पन्नाशी गाठतो.
गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला सोसत नाही,
म्हणून गीझर बंद करून त्यातच पाणी निववायचं.
लाल खुणेच्या नळाला गार,
निळ्या खुणेच्या नळाला कढत.
पाहुण्याला सलामाआधी हे सांगावं लागतं.

सित्त बद्रियांनी निरोप धाडला:
तुमची तार काढून न्या.
शाळेत मला भूगोल शिकवला त्यांनी,
कर्कवृत्तावर दोनदा छडी खाल्लीय मी.
पक्कड उन्हात इतकी तापलेली
की फडक्यात गुंडाळून धरली.
गच्चीवर बारा काळी तावदानं, दक्षिणेला कललेली,
पहाटेच पुसलेली. धुळीचा एक कण नाही.
त्यांच्या सावलीत भेंडीच्या माळा वाळत होत्या.
मध्ये खाटेएवढी एक पट्टी मोकळी.
तार तोडली. खाली लोंबली.
गल्लीतली अकरावी, या महिन्यातली चौथी.

"बसा," त्या म्हणाल्या.
खोलीत पाऊल टाकलं आणि
मानेवरचा घाम गोंधळला, पुढे जावं की नाही.
काळ्या लिंबाचा चहा आला.
माझं इंजिन तीन घरं पलीकडे धडधडत होतं,
दुसऱ्या कुणाच्या तरी घरातली आजारी म्हैस असावी तसं.
मला वाटायचं, ते एवढं मोठ्यानं बोलत नाही.

"काट्यानं काटा काढला," बाई म्हणाल्या,
"ज्यानं भाजलं त्याच्याकडूनच वसूल केलं.
ऊन जितकं चढेल तितकी ही खोली निवते.
वर्गात हे शिकवायचं राहून गेलं."
मी विचारलं, "आणि रात्री?"
बाई चहात बघत राहिल्या.
बॅटऱ्या महाग. भाऊ पैसे पाठवणार होता, स्वीडनहून,
तिथे म्हणे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही.
"चुकीच्या घरी राहतो तो," त्या म्हणाल्या,
आणि आम्ही दोघं हसलो, थोडं जास्तच.

मला अजून दोन घरी जायचं होतं.
फक्त पाठ टेकली.
इंजिनाशेजारच्या खुर्चीवर बावीस वर्षं
एका कानानं झोपतोय मी.
इथे दोन्ही कान झोपले.

जागा झालो तो शांततेनं.
भिंतीवरचं यंत्र एक सुस्कारा टाकून थांबलं होतं,
खिडकी तांबूस, खोलीत उकाडा
सांगून आल्यासारखा शिरत होता.
अर्ध्या झोपेत तोंडातून गेलंच:
"आलो, आलो!"

बाई दारात उभ्या होत्या,
उशी काखेत, लोखंडी खाट आडवी धरलेली.
"हाक कुणी मारली नव्हती," त्या म्हणाल्या,
"पण उठलाच आहात,
तर दुसरी बाजू धरा."

जिन्यात वळताना खाट दोनदा अडकली.
वरच्या पट्टीत ती नेमकी बसली.
काळी तावदानं अजून कोमट होती, हात लावून पाहिला.
कठड्याशी माझी तार लोंबत होती.
बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"दोन अँपिअर," त्या म्हणाल्या, "नुसत्या पंख्यापुरते.
मगरिबपासून पहाटेपर्यंत.
दर मात्र तुम्ही वर्गात गणितात जसे होता
तसा लावू नका."

मी फडकं शोधलं.
पक्कड आता गार होती.