अदात

पशुगणनेचा पोरगा विजापूरकडचा,
नव्या बुटांना कडोलीची काळी माती, कानाला पेन.
गोठ्याच्या तोंडाशी उभा राहून त्यानं विचारलं,
"करू? एत्तू?"
बाबा म्हणाले, "खोंड."

मी सातवीत, दोघांच्या मधोमध.
करू म्हणजे वासरू, एत्तू म्हणजे बैल,
एवढं आमच्या कोंबड्यांनाही कळतं.
पण खोंड?
दूध सुटलंय, जू लागलेलं नाही.
वेसण नाही, म्हणजे नाक अजून त्याचं त्याचंच.
दावं तोडतो, आणि जायचं कुठं ते ठाऊक नसतं,
म्हणून गोठ्याभोवतीच गरगर फिरतो.

मी म्हटलं, "होरी."
त्याचा चेहरा उजळला, मग तक्ता बघून उतरला.
"होरी सरी. कॉलम इल्ल."
दोन्ही भाषांत शब्द होता.
कागदात नव्हता.

बाबांनी खोंडाचा खालचा ओठ ओढून दाखवला:
अदात. सगळे दुधाचेच.
पोरगा वाकला. "हालहल्ल," म्हणाला, आणि हसला.
त्यांच्यात हाल म्हणजे दूध.
आमच्यात काय, ते मी सांगितलं नाही.

हाच शब्द बाबा भरमूलाही वापरायचे.
"खोंड कुठं उंडारायलाय?"
भरमू तळ्यावर, नाहीतर तालमीत, नाहीतर कुठंच नाही.
दिवाळीनंतर तो उद्यमबागेत फौंड्रीत लागला.
पहिल्या पाळीवरून आला तो मनगट भाजून,
डबा तसाच भरलेला.
बाबांनी विचारलं, "भरमाण्णा, जेवलास?"
एवढंच.
त्या दिवसापासून तो शब्द फक्त गोठ्यात उरला,
आणि संक्रांतीनंतर तिथंही नाही:
चौघांनी धरलं, नाक टोचलं,
शेणावर रक्ताचे दोन थेंब.
पुढं दुसा, चौसा,
मग नुसता बैल.

मला कालवड म्हणायचे.
पाहुणे आले की आई दाराआडून सांगायची,
"कालवड हाय अजून."
माझे दात कुणी बघितले नाहीत.

पोरगा जाताना पाणी प्याला, तांब्या उपडा ठेवला.
करूच्या खाली त्यानं एक उभी रेघ ओढली होती.
ती अजून कुठल्यातरी कपाटात असेल,
त्या साली कडोलीत करू किती, एत्तू किती, सगळं चोख,
आणि त्यात आमचं एक करू
वीतभर शिंगं घेऊन उभं.