सत्तेचाळिसावी बॅच

उद्यमबागेत तिसऱ्या पाळीला
भट्टीच्या भिंगातून बघते:
एक हजार चाळीस अंश, निर्वात,
ट्रेमध्ये राखी ठोकळे
आवाज न करता आक्रसतायत,
एका बाजूनं जरा जास्तच.
हे अजून लोहचुंबक नाहीत.
टाचणीसुद्धा उचलणार नाहीत.
सगळं शिकून बसलेली, पण कुणी हाक न मारलेली
माणसं असतात ना, तशी.

बाबा पलीकडच्याच गल्लीत तीस वर्षं मोल्डर.
"रंगावरनं कळत न्हाई काय गं?"
कळतं. पण ऑडिटरला रंग चालत नाही.
त्यांच्या भुवईत एक काळा ठिपका आहे,
लोखंडाची ठिणगी गोठलीय म्हणतात,
आणि वर बोट ठेवून दाखवतात, पदकासारखी.

सेहेचाळीस बॅच बऱ्या आल्या.
सत्तेचाळिसावीचा आलेख खांद्यात मोडला.
जिथं रेघेनं ताठ जाऊन
एकदम उतरायचं असतं,
तिथं ती आधीच वाकली.
ऑक्सिजन दुप्पट.
तीन मायक्रॉनची पूड: हवा लागली तर पेटते,
थोडीशीच लागली तर पेटत नाही,
मनात ठेवते.

अकरा दिवस शोधलं.
मिलची सीलं, आर्गॉनचे सिलिंडर,
खानापूरकडून येणारी दमट हवा,
मंगळवारी चार मिनिटं गेलेली वीज.
एक्सेलमध्ये पस्तीस रकाने.
साहेब रोज विचारणार, कारण?
मी रोज म्हणणार, चालू आहे.

सापडलं कल्लव्वाला.
बैलहोंगलची. सही कन्नडात, शिव्या दोन्हींत.
दिवसाला चारशे वेळा
पेटीच्या रबरी हातमोज्यांत हात घालून
साच्यात पूड भरते.
तिनं भांड्यांच्या साबणाचा फेस घेतला,
मोज्याच्या करंगळीला फासला,
हात आत ढकलला.
बुडबुडा. मोहरीएवढा.
"इल्लि नोड्रि मेडम, उसिर बिडाकत्तैति."
इथं श्वास सोडतंय.
म्हणजे हात ओढून घेताना
इथूनच श्वास घेतंय.
दिवसाला चारशे घोट.

मग मी तिला आलेख समजावला.
उलट्या दिशेनं जोर लावायचा, वाढवत न्यायचा,
आणि बघायचं, हा कुठवर मान वळवत नाही.
याला कोशात 'निग्राहिता' आहे,
आमच्यात कुणी म्हणत नाही.
ती म्हणाली, हठ.
माझा हट्ट, तिचा हठ.
वहीत दोघींनी लिहिलं, आपापल्या अक्षरात.
एकक तेवढं एकच.

खरं तर हट्ट कणात नसतो.
कणाकणांच्या मधे जो पातळ थर असतो, त्यात असतो.
तो फाटला की एक उलटतो,
मग शेजारचा, मग सगळी आळी.
मी सीमाभागात वाढलेय.
या ओळीचं काय करता येईल मला ठाऊक आहे,
म्हणून करत नाही.
रिपोर्टात लिहिते: थराची जाडी, दोन नॅनोमीटर.

नवे मोजे आले. अठ्ठेचाळिसावी.
कल्लव्वानं केसातले आकडे काढून
प्लास्टिकच्या डबीत ठेवले, मी घड्याळ.
कपॅसिटर भरत गेले.
ठक्.
एवढंच. बाहेरून ठोकळा तसाच,
फक्त आता त्याच्याजवळ
स्पॅनर घेऊन कुणी जायचं नाही.

सत्तेचाळिसावीतला चाचणीचा एक तुकडा,
कमजोर, कोपरा उडालेला,
घरी नेला.
बाबांनी उलटसुलट केला, खिडकीच्या गजाला लावला,
उपटून काढताना हसले.
मग आरशासमोर जाऊन
हळूच भुवईशी नेला.
थांबले. पुन्हा नेला, अगदी टेकवून.
काही ओढलं नाही.
"वाळू आसंल की," म्हणाले.
तुकडा मला परत दिला
आणि बोट नेहमीसारखं वर गेलं,
ठिपक्यापाशी.