केरीच्या धक्क्यावर

माडाखालच्या खोलीत डिसेंबरपासून
इंगेगर्द आणि पाल्ले राहतात.
ती स्वीडनची, तो डेन्मार्कचा,
लग्नाला चाळीस वर्षं झाली
आणि भांडण अजून एकाच शब्दावरून.

काल सकाळी ती पाण्यातून आली,
केसांत वाळू, गुडघा खरचटलेला,
म्हणाली, समुद्र आज काय रूलिग आहे!
पाल्लेने चष्मा कपाळावर चढवला.
रोली? लाट डोक्यावरून गेली तुझ्या,
आणि तिला रोली म्हणतेस?

मी घावणे उलटत होते.
दोघंही मला समजवायला सरसावले.
त्याच्याकडे रोली म्हणजे शांत,
वारा पडलेली खाडी,
दात उपटणारा डॉक्टर म्हणतो ते रोली, रोली.
तिच्याकडे रूलिग म्हणजे मजेचं,
जत्रेतला पाळणा,
लग्नात फार पिणारा एखादा मामा.
मूळ एकच, म्हणाला पाल्ले, जुनं, 'रो',
म्हणजे विसावा.
वल्हवण्यालाही ते रोच म्हणतात,
पण तो वेगळा रो, नात्यातला नाही,
आडनाव तेवढं सारखं.

विसाव्यातून मजा कशी निघाली, मी विचारलं.
इंगेगर्द म्हणाली, आमची माणसं
दिवसभर लाकडं फोडायची.
आधी बसली असतील,
मग हसली असतील.

मला माझं आठवलं.
गडहिंग्लजहून नवी नवरी होऊन आले,
दुसऱ्याच दिवशी सासू ताटं मांडताना म्हणाली,
"आज नुस्तें ना."
मी ऐकलं, आज नुसतं नाही,
म्हणजे नक्की काहीतरी खास.
वरण आलं, भात आला,
सासूच्या तोंडावर सुतक,
आणि मी आपली खास पदार्थाची वाट बघत
चतकोर तास ताटावर.
नुस्तें म्हणजे मासे,
हे रात्री सगुणने सांगितलं, उशीत तोंड खुपसून हसत.
पंधरा वर्षं झाली त्याला.
आता मासे नसले की
मलाही जेवण नुसतंच वाटतं.

संध्याकाळी तेरेखोलहून सुटलेली फेरीबोट
मधोमध बंद पडली.
इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प.
सुकती लागलेली, पाणी समुद्राकडे ओढतंय,
बोटीवर सगुण, सहा स्कूटर, बर्फाचा एक टेम्पो.
धक्क्यावर आम्ही चौघं.
नदीवर सुरकुती नव्हती,
तरी पाल्ले तिला रोली म्हणाला नाही.
इंगेगर्दने माझं मनगट धरलं,
म्हणाली, ऊरूलिग.
त्याने पलीकडून मान हलवली, ऊरोली.

अर्थ मी विचारला नाही.
बोटं इतकी घट्ट होती तिची.
नंतर कळलं,
पुढे नकार लावला की दोघांचं एकमत होतं:
विसावा नसलेलं, काळजीचं.
मजेच्या तळाशी हरवलेला तिचा जुना 'रो'
त्या नकारानेच जपून ठेवला होता,
ट्रंकेत तळाशी राहून गेलेल्या
बाळंतविड्यासारखा.

मागे सासू पुटपुटत होती, न्हय, न्हय.
नाही म्हणत होती
की न्हंय, म्हणजे नदीला, विनवत होती?
एका टिंबाचा फरक.
अंधारात टिंब कुठे दिसतं.

मग कुणाच्या तरी ट्रॉलरने दोर टाकला.
साडेनऊला बोट धक्क्याला लागली,
सगुण शेवटचा उतरला,
हातात गळकी पिशवी,
बोलला फक्त, "नुस्तें हाडलां."
एवढ्यात त्याला मासे कुठे मिळाले
ते त्याने आजवर सांगितलेलं नाही.

मी नळाखाली तारले साफ करत बसले.
खवले मनगटापर्यंत चिकटले,
तिने धरलं होतं तिथेही.
खोलीतून पाल्लेचा आवाज येत होता, रोली, रोली,
आणि तिचं हसू.
कुठल्या अर्थाने, कोण जाणे.
मांजर पायाशी घोटाळत होतं,
त्याला एक डोकं टाकलं.