प्रतवारी

आमच्या गावाचं नाव एका अक्षराचं : ऑ.
इथे नॉर्वेचा रस्ता संपतो.
मांडवांवर टांगलेला कॉड वाऱ्यात खडखडतो
आणि मी, एलर्ट,
बेचाळीस वर्षं सुक्या माशाची प्रत ठरवून निवृत्त झालेला,
स्वयंपाकघरात बसून
बुद्धिबळाचा प्रोग्रॅम निवडतोय.

नातीनं जाताना जुना लॅपटॉप दिला.
यात विंडोज नाही आजोबा, लिनक्स आहे,
असं म्हणून पेंग्विन दाखवला.
वडील सांगायचे, त्यांच्या तरुणपणी कुणीतरी
या बेटांवर खरेखुरे पेंग्विन आणून सोडले होते.
टिकला एकही नाही.
हे मी सुन्निवाला सांगितलं नाही.

चांगले म्हणतात ते प्रोग्रॅम सगळे विंडोजवाल्यांचे.
माझ्याकडे खिडकी एकच, तीही समुद्राकडची.
वाईन घाला, म्हणाली ती फोनवर,
म्हणजे तिकडचं इकडे चालतं.
घातली. पट उमटला,
उंटांच्या जागी मात्र रिकामे चौकोन.
दुसरा प्रोग्रॅम करडा, जकात कचेरीसारखा,
चाळीस लाख डाव पोटात
आणि हवं ते बटण सापडेल तर शपथ.
तिसरा प्रत्येक खेळीला टाळ्या वाजवायचा.
प्यादं एक घर सरकवलं तरी टाळ्या.
असल्या माणसाला मी गोदामात
दुसऱ्या दिवशी उभं केलं नसतं.

होडी वेगळी, मोटर वेगळी, सुन्निवानं समजावलं.
पट साधा घ्या, डोळ्यांना बरा वाटेल तो.
मोटर फुकट मिळते, आणि जबरी मिळते.
तिचं नाव वाचून मी चष्मा पुसला :
स्टॉकफिश.
सुका कॉड. म्हणजे माझाच माल.

ओरेस्तेला मी कधी पाहिलं नाही.
तो लिगुरियाच्या डोंगरात, बादालुक्कोत, आमचा मासा विकायचा.
सव्वीस वर्षं तो माझे मासे घेत होता,
मी त्याची प्यादी.
एका खेळीला एक पोस्टकार्ड.
टपालाच्या डावात अक्षरं नसतात,
नुसते चार आकडे, कुठून आणि कुठे.
शेवटचं कार्ड आलं
आणि मागोमाग त्याच्या मुलीचं पत्र, काळ्या काठाचं.

कार्डावर सहा-तीन.
मग पाच-पाच. की सात-पाच?
हात थरथरला असणार, त्या आकड्याचं पोटच उमटलेलं नाही.
घोडं इथेच पेंड खातंय.

दोन्ही भरून पाहिले.
घोडा सातवर, तर माझी सरशी, दोन पूर्णांक चार.
पाचवर, तर चौदा खेळ्यांत माझी वासलात.
पंखा घोंघावत राहिला,
तीस खोल, पस्तीस खोल, किटली उकळून गार झाली,
आकडे तसेच.
काम चोख. मला आदर वाटला.
मीही असाच होतो, वीसेक प्रती तोंडपाठ,
मासा उचलायचा, पाठीवर बोट फिरवायचं,
चिठ्ठी बांधायची, पुढचा.
फक्त मी हुंगायचो.

यंत्र खेळीची प्रत सांगतं,
खेळी कुठली ते नाही.

कार्ड खिडकीशी धरलं. उजेडानं काही सांगितलं नाही.
मग नाकाशी नेलं.
तंबाखू. जुनं तेल.
आणि खाली, अगदी खाली, आमच्याच गोदामाचा वास,
अख्खा युरोप ओलांडून परत आलेला.
सव्वीस वर्षांत या माणसानं मला
फुकट काही दिलं नव्हतं.
पटावरचा मोहरा नाही,
भावातला एक लिरा नाही.

पाच लिहिलं.

आता रोज रात्री तो डाव वाचवायला बसतो.
त्याच्या बाजूनं सुका मासा खेळतो.
गुणांची पट्टी झाकायची सोय या पटात आहे,
म्हणून हाच ठेवला.
काल अठरा खेळ्या टिकलो.