ऑगस्टात बोलवा

हडर्सफील्डमध्ये लोकांना माझी आठवण डिसेंबरात येते.
स्वेटरवर स्वेटर, नाकाचा शेंडा लाल,
दारातच म्हणतात, देवासारखा आलास.
देव कुठला.
सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे बॉयलर दुरुस्त करणारा माणूस मी,
गुडघे गार फरशीवर, दातांत टॉर्च.

झाकण उघडलं की कळतं, हे कालचं नाही.
दाब दोन वर्षं थेंबाथेंबाने उतरत होता,
पंखा मार्चपासून कुरकुरत होता,
आणि घरातल्यांनी काय केलं,
तर रेडिओचा आवाज वाढवला.

मिसेस हेग तेवढ्या ऑगस्टात फोन करतात.
सगळं ठीक चाललंय, म्हणतात, म्हणूनच ये.
मी जाळी झाडतो, सील बदलतो, ज्योत बघतो:
निळी, न हलणारी.
पाऊण तासाचं काम. चहा, एक बिस्किट.
त्या घरात सांगण्यासारखं कधी काही घडत नाही.

बाबा इचलकरंजीत जॉबर होते.
माग नुसता ऐकून सांगायचे
धोटा कुठे अडखळणार ते, आठवडाभर आधी.
सुट्टीच्या दिवशीही तेलाची बुधली घेऊन
एकेका मागापाशी वाकायचे,
आणि वाकताना शर्टाच्या खिशातून डोकवायची
गुलाबी गोळ्यांची पट्टी.
छातीत जळजळ: गोळी.
जिना चढून धाप: गोळी.
पित्त आहे, म्हणायचे.
आम्हीही पित्तच म्हणायचो, कारण तो शब्द स्वस्त होता,
कोपऱ्यावरच्या दुकानात त्याला औषध मिळायचं.
शेवटचा शर्ट धुवायला टाकताना आईने खिसा चाचपला.
पट्टीत दोन उरल्या होत्या.

एप्रिलमध्ये सर्जरीतून पत्र आलं,
वय बावन्न, तक्रार नसली तरी येऊन जा.
नर्स शिव्हॉनने दंडाला पट्टा आवळला, बोट टोचलं,
कमरेभोवती टेप धरला. मी पोट आत घेतलं.
सोड, म्हणाली, मी थांबते.
मग आकडे वाचले.
आजार नाही.
अजून नाही.

त्या ‘अजून’मधून मी पायी घरी आलो.
व्हॅन सर्जरीच्या दारातच राहिली.

खरं सांगू, मला गोळी हवी होती.
गिळली की माणूस मोकळा.
तिने दिला होता एक कागद,
कालव्याकाठी चालणाऱ्यांचा गट,
मंगळवार, गुरुवार, सकाळी साडेसात, पहिल्या लॉकपाशी.
सुचेताने तो फ्रिजवर लावला, भाषण दिलं नाही.
फक्त भाताचं भांडं धाकटं केलं.
पहिला आठवडाभर मी धाकट्या भांड्यात
दोनदा भात लावला.

गटात कुणी आजारी नाही.
क्लिफर्डने चाळीस वर्षं बस चालवली,
आता त्याला त्याचा कुत्रा चालवतो.
परवीन बोलते, बोलते, आणि आमच्या पुढे असते.
दुसऱ्या लॉकला चढ आहे, असेल वीस पावलं.
तिथे मला धाप लागली,
आणि ओठांवर तो शब्द आला, घरचाच,
खिशात वागवलेला.
मी म्हटलं, परवीन, मला धाप लागते. थांबतो.
एवढं वाक्य आमच्याकडे
कुणी कधी मोठ्याने म्हटलेलं मला आठवत नाही.
ती थांबली. कुत्राही बसला.
पाण्यावर एक बदक होतं, त्याला काही घाई नव्हती.

आकडे ऑक्टोबरात पुन्हा मोजायचे आहेत.
उतरतील, नाही तर नाही उतरणार;
कमरेचा पट्टा एक भोक आत गेलाय, त्याचं कौतुक
मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

काल मिसेस हेगकडे गेलो.
झाकण उघडण्याआधी उभा राहिलो, कान लावून,
बाबा मागापाशी राहायचे तसा.
काही ऐकू येतंय का, त्यांनी विचारलं.
नाही, म्हटलं.
मग चहा झाला. बिस्किट मी बशीतच ठेवलं,
जाताना खिशात घातलं, आणि पुलापाशी
क्लिफर्डच्या कुत्र्याला दिलं.