खालची चार बोटं

मूळची टाकी काढून पास्कू मिस्त्रीने ही बसवली,
वेंगुर्ल्यात, त्याच्या माडाखालच्या शेडमध्ये,
मोडीत निघालेल्या ट्रकच्या पत्र्याची.
म्हणाला, नव्वद लिटर रवतले.
भायर किती येतले, ता माका इचारू नको.

काटा दुसऱ्या वर्षीच खाऱ्या वाऱ्याने धरला.
पाव टाकीवर बसला तो बसला,
भरलेलीलाही पाव म्हणतो, रिकामीलाही पाव.
म्हणून दाराच्या कप्प्यात वेळूची काडी,
सुरीने कोरलेल्या खुणा: ऐंशी, साठ, चाळीस, वीस.
त्याखाली चार बोटं कोरी.
तिथे सुरी लावायला गेले तर पास्कूने हात धरला.
"ती चार बोटां टाकयेची. तुजी न्हंय."

सहा वर्षं मानलं.
कारण मागे कोळंबीचं बीज असायचं,
प्राणवायूने फुगवलेल्या पिशव्या,
एकेकीत दोन हजार जीव, पापणीच्या केसाएवढे,
आणि पिशवीवर मार्करने लिहिलेली वेळ:
याच्या आत तळ्यात सोडणे.
रात्री साडेआठनंतर पंपवाले साखळी ओढून झोपतात.
बीज झोपत नाही.

टपरीवर विचारतात, भरली की किती जाते, वैनी?
आणि उत्तराची वाट न बघता आपापलं सांगतात:
नऊशे. हजार. एकाची तर अकराशे.
पोरांची उंची आणि गाडीचं ॲव्हरेज
सगळे थोडं वाढवूनच सांगतात.
माझ्याकडे आकडा नव्हता.
माझ्याकडे चार बोटं होती, न मोजलेली.

यंदा मार्चमध्ये, बीज उतरवून रिकामी परतताना
ठरवलं.
पाच लिटरचा कॅन, पाना, टॉर्च, चादर.

कशेळीच्या चढावर ती पहिल्यांदा खोकली.
डिझेल मागे सरकलं, नळीचं तोंड उघडं पडलं.
उतार लागला तशी पुन्हा नीट चालू लागली,
काही झालंच नाही अशी.
म्हणजे चढावरची रिकामी वेगळी, सपाटीवरची वेगळी.
आणि कोकणात सपाटी कुठून आणायची?
सड्यावरच काय ती.

जैतापूरचा पूल गेला.
पडेलच्या सड्यावर, आठशे त्रेचाळीसला,
आवाज बारीक झाला,
मग नुसता टायरांचा,
मग कातळावरच्या वाऱ्याचा.
काजूच्या मोहोराचा वास एवढा वेळ होताच की काय,
इंजिनाने कळू दिला नव्हता.

काडी घातली.
चार बोटं ओली.
पास्कू खरा.

तरी गाडीखाली शिरले, तळाचा नट सोडला,
डब्यात धरलं.
आधी डिझेल, कोऱ्या चहासारखं.
मग पाणी. मग गंजाची लापशी.
आणि टण् करून काहीतरी पडलं,
वाटाण्याएवढं, काळं:
वेल्डिंगचा मणी.
सहा वर्षं तळाशी लोळत होता, प्रत्येक वळणावर,
आणि मी तो आवाज बेअरिंगचा समजून
दोन बेअरिंगं बदलली होती.

कॅन ओतला. पण नळीत हवा शिरलेली.
हातपंप दाबत बसले, अंगठा बधिर होईतो,
फेस, फेस, बुडबुडे, फेस,
मग एकदाची सलग धार.
चौथ्या सेल्फला ती उठली.

पास्कूचे डोळे आता गेलेत, त्या निळ्या उजेडापायी.
मणी त्याच्या तळहातावर ठेवला.
दोन बोटांत फिरवून बघत राहिला.
"माझो," म्हणाला.
मग जरा वेळाने, "किती गेली?"
आठशे त्रेचाळीस.
"चढ किती?"
ते मी मोजले नव्हते.

त्याने मणी शर्टाच्या खिशात टाकला,
वरून हाताने चाचपला.

काडीवर खालच्या भागात अजून खूण नाही.
सुरी कप्प्यातच आहे.